शिकंजा या टोकाला

"बाबा, शिकंजा या टोकाला कुणी आणला?"

लेक दुकानात आली ती थेट सुतारकामाच्या टेबलापाशी. मिस्त्री आठ दिवस याच प्रश्नाची वाट बघत होते.

"मीच. तुझ्यासाठी. डावखुऱ्याला लाकूड या टोकाला पकडावं लागतं."

लेक बेचाळीस वर्षांची, पोस्टात नोकरीला. बारा वर्षांची होती तेव्हा शाळा सुटली की इथंच यायची आणि रंधा डाव्या हातात धरायची. मिस्त्रींनी तो काढून घेतला. "हे काम उलट्या हाताचं नाही," म्हणत टेबलापाशी मुलाला उभं केलं. त्याला लाकडाचं वावडं. संधी मिळताच तो पसार झाला. लाकूड आवळून धरणारा हा शिकंजा हलवायचा म्हणजे चार बोल्ट, अर्ध्या तासाचं काम. तेव्हा सुचलंच नाही, असं मिस्त्री सगळ्यांना सांगत आले होते.

"बैल गेला आणि झोपा केला," लेक हसली. मग तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. खिडकीच्या दोन चौकटी अर्धवट पडल्या होत्या. "काम बंद आहे?"

"आठ दिवस झाले. या टोकाला माझा हात चालत नाही."

"मग कशाला केलंत हे?"

"तेव्हा सुचलं होतं गं मला." मिस्त्रींनी शिकंज्यावर हात ठेवला. "सुचलं होतं. पण मुलीसाठी टेबल कोण बदलतो, असं वाटलं."

लेकीचं हसू मावळलं. हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं खांद्यावरची पर्स खुंटीला अडकवली, पाना उचलला आणि पहिला बोल्ट सैल केला.

"नको काढूस. दुसरं काय देऊ तुला?"

"स्वयंपाकघरात स्टूल हवंय. वरच्या फळीला हात पोचत नाही." तिनं बोल्ट टेबलावर ठेवला. "लागलं मला तेव्हा. आत्ताही लागलं. पण मी कधीच पुढं गेले, बाबा. तिथं तुम्ही एकटेच उभे आहात."

शिकंजा जड होता. दोघांनी मिळून तो जुन्या जागी नेला. मिस्त्रींनी तो धरून ठेवला आणि बोल्ट तिनं आवळले.

"उंची किती?" त्यांनी विचारलं.

तिनं डावा हात गुडघ्याच्या वर धरला. "एवढी."

मिस्त्रींनी खिशातून टेप काढली, खाली वाकले आणि त्या हाताखाली धरली.