खरवडीची वाटी

परभणीचं कॉल सेंटर वाढलं, नव्या जागा निघाल्या, तेव्हा धाकट्या वृंदालाही लावून घ्या म्हणून तिथे आधीपासून कामाला असलेल्या हेमलतानेच साहेबांना गळ घातली होती. नोकरीचा करार संपेपर्यंत दोघींचाही आवाज कंपनीच्या यंत्रात राहणार होता, गळ्यात नाही.

आता दोघी बहिणी खुणेनेच भाकरी मागत. पूर्वी दुधाच्या खरवडीवरून त्यांची अशी जुंपायची, की शेजारी डोकावत.

आज आईने दोन फोन लावून पाटावर ठेवले. वीज कंपनीच्या तक्रार क्रमांकावर हेमलताचा आवाज यायचा, बँकेच्या क्रमांकावर वृंदाचा.

"भांडा गं जरा," आई म्हणाली.

दोन्ही आवाज एकदमच गोड बोलले, "नमस्कार, मी आपल्याला काय मदत करू शकते?"

हेमलताने खरवडीची वाटी वृंदापुढे सरकवली. वृंदाने वाटीला हातही लावला नाही.