वीतभर जुना रंग

पॉलिशपेपर घासून हिराजीने फायबरच्या होडीचा जुना रंग उतरवला होता. फक्त पुढच्या टोकाशी वीतभर जागेवर त्याने चिकटपट्टीने वर्तमानपत्र डकवलं होतं.

दुपारी चांगुणा, त्याची दुसरी बायको, भाकरी घेऊन किनाऱ्यावर आली. "एवढंच घासायचं का ठेवलंत?" तिने विचारलं.

"तिथं तडा आहे," तो घाईने म्हणाला.

तिने पट्टी ओढून काढली. आत तडा नव्हता, निळा पंजा होता. मागच्या रंगकामात त्याच्या पहिल्या बायकोने गमतीने उमटवलेला. त्याच वर्षी ती तापाने गेली होती.

चांगुणेने पंजाच्या कडेवरून बोट फिरवलं. "याचे पोपडे सुटायला लागलेत. कागद रंगापासून वाचवेल, खाऱ्या पाण्यापासून कोण वाचवणार?"

तिने पदर खोचला, व्हार्निशचा डबा उघडला आणि बारीक ब्रशने एकेका बोटावर लावू लागली. शेवटी ती थांबली.

"ताईंची करंगळी वाकडी होती का हो?"

हिराजी वाळूत बसला. "जन्मापासूनच," तो म्हणाला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच चांगुणेसमोर त्या गेलेल्या बायकोबद्दल बोलत राहिला. भाकरी निवून गेली.