भिंतीचा व्यायाम

झोपेत पोटरीत गोळा येऊ नये म्हणून डॉक्टरांनी शामरावांना व्यायाम सांगितला होता: रोज संध्याकाळी टाच टेकवून भिंत ढकलायची. शामरावांनी नोकरीभर रेल्वेची ट्रॉली ढकललेली. गुढियारीतल्या घराची भिंतही त्यांनी मन लावून ढकलली.

आठवडाभर गोळा आला नाही. सोमवारी भिंतीने त्यांना उलट ढकललं.

तेव्हापासून ते हात काढत की भिंत बोटभर आत येई.

“जेवायले चला,” कलावतीबाई म्हणाल्या. “मागं मोकळं मैदान आहे. मी पाहून आली, कोणी नाही.”

“मग हा जोर कोण लावून राहिला? मी एकटा नाही पुरत आता.”

“सरका जरा.”

कलावतीबाईंनी दोन्ही हात भिंतीला टेकवले. त्यांच्या बांगड्या वाजल्या.

मग पलीकडच्या वाजल्या.