नावाने हाक

जॅक चिखलात कलंडला आणि अंगणात उभी असलेली जुनी व्हॅन हुकुमचंदच्या छातीवर आली.

उर्वशीने आवाज ऐकला तेव्हा ती चुलीपाशी होती. रोवणीवरच्या माणसांची शिदोरी करायची म्हणून ती एकटी मागे राहिली होती; बाकी घर, बाकी मोहल्ला सगळा धानाच्या बांध्यांत होता. ती धावत आली आणि उंबऱ्यावर थबकली. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. एक टाच चिखल उकरत होती.

हुकुमचंद तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, तिचा भासरा. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तो अंगणात असला की ती मागच्या दाराने पाण्याला जायची. त्याचं ताट सासू वाढायची. घराची रीतच तशी होती आणि दोघांनीही ती पाळली होती.

गाडी त्याने गोंदियाहून जुनी आणली होती आणि गॅरेजवाल्याला तो तिला हात लावू देत नसे. सायलेन्सर लोंबत होता. मागचं एक चाक काढून, जॅक लावून, तो तार घेऊन खाली शिरला होता. रात्री पाऊस झाला होता. अंगण वरून तेवढं सुकलेलं होतं.

उर्वशी गल्लीत पळाली. "कोनी आहे काय?" म्हणाली. सगळ्या दारांना कड्या होत्या आणि तिचा आवाज कुंपणापलीकडेही गेला नाही. परत येऊन तिने बंपरला दोन्ही हात घातले. गाडी हलली नाही.

"तसं नोको करू," खालून आवाज आला. "जॅक काढ."

ती चिखलात पालथी झाली. पदर डोक्यावरून घसरला, तिने ओढून घेतला, पुन्हा घसरला. मग तिने तो कमरेला खोचला. जॅक आडवा पडून रुतला होता, त्याच्यावर आता भार नव्हता. लोखंडी दांडा आकड्यात अडकवून डावीकडे फिरव, म्हणजे तो ढिला होईल, असं त्याने सांगितलं. एवढं सांगायला त्याला तीनदा थांबावं लागलं. श्वास घेताना त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

जॅक निघाला.

"खाली फळी ठेव. नाहीतं पुन्हा धसंल."

फळी कुठे असते ते तिला ठाऊक नव्हतं. ती आत गेली आणि मिरची वाटायचा पाटा उचलून आणला. एरवी तो नुसता सरकवायलाही ती सासूला बोलवायची. पाटा तिने चिखलात दाबून बसवला, वर जॅक उभा केला आणि तो गाडीला कुठे टेकवायचा म्हणून खाली वाकून पाहिलं. सगळीकडे सारखाच काळा पत्रा होता. तिने विचारलं. उत्तर आलं नाही. शिट्टीही थांबली होती. टाच हलत नव्हती.

"ऐकता काय," ती म्हणाली. "ऐका ना."

त्याला काय म्हणून हाक मारायची हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. तिने मान वर केली आणि पोटातून ओरडली.

"हुकुमचंद. ओ हुकुमचंद."

त्याची बायकोसुद्धा त्याचं नाव घेत नसे.

टाच हलली. "व्हय," तो म्हणाला.

"कुठं लावू?"

"दुहेरी कड आहे... पत्र्याची. हात लावून बघ. तिथं लाव."

तिने चाचपलं. कड सापडली. दांडा आता ती उजवीकडे फिरवू लागली. तळहाताची साल निघाली तरी गाडी वर जाते आहे की पाटाच खाली जातो आहे, ते तिला कळेना. शिट्टी थांबली की ती त्याचं नाव घेऊन ओरडायची आणि पुन्हा ऐकू येईपर्यंत ओरडत राहायची. शेवटी पत्रा आणि त्याचा सदरा यांच्यामध्ये उजेडाची बारीक फट दिसली. ती रुंदावली. सणावारी ज्या पायांना ती लांबूनच नमस्कार करायची, ते तिने घट्ट धरले आणि ओढले.

तो बाहेर आला, कुशीवर वळला आणि खोकला. उर्वशी तिथेच बसून राहिली.

बांधीतून बायका धावत आल्या. पुढे सासू धुरपताबाई आणि शेजारची अनुसयाबाई, दोघींचेही पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. धुरपताबाईने आधी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. मग सुनेच्या कमरेचा पदर सोडवून तिच्या डोक्यावर टाकला. उर्वशी उठून दाराआड जाऊन उभी राहिली.

गोरेगावच्या दवाखान्यात न्यायला कोणाचा तरी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत धानाची वाळलेली तणस पसरून हुकुमचंदला निजवलं. तणस सारखी करता करता अनुसयाबाईने, इथून बांधीपर्यंत आवाज कसा आला आणि आपण हातातलं रोप कसं टाकून धावलो, ते सगळ्यांना सांगितलं. मग तिला आठवलं.

"पर याचं नाव घेऊन कोन वरडून राहिली होती वं? आवाज तं बाईचा होता."

धुरपताबाईने दाराकडे पाहिलं. दाराआड बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या.

हुकुमचंदने डोळे उघडले नाहीत. बरगडीवर हात दाबून त्याने बोलण्यापुरता श्वास गोळा केला.

"मीच," तो म्हणाला.