दोनाचे चार कुठून आले?

"समजलं?"

"समजलं, बाऽऽई!" अख्खी चौथी एका सुरात ओरडली.

नव्या बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलाला उठवलं. "मग सांग बघू, अर्धा मोठा की पाव?"

"पाव," तो म्हणाला. "चार मोठे ना दोनापेक्षा."

शेजारच्यानं मान डोलावली. त्याच्या शेजारच्यानंही. वर्गात कोणाला ओ की ठो कळलं नव्हतं, आणि समजलं मात्र सगळ्यांना होतं.

बाईंनी फळा पुसून टाकला. "आजपासून या वर्गात ते 'समजलं बाई' बंद. ज्याला कळलं नाही, त्यानं सरळ उभं राहायचं आणि तसं म्हणायचं. मी पुन्हा सांगेन. कंटाळणार नाही."

सोमवारी कोणी जागचं हललं नाही. मंगळवारी वर्गातला एक आगाऊ कार्टा उठला, तोही गंमत म्हणून. बाईंनी ती गंमत मानलीच नाही. कागदाची पट्टी दुमडून त्याच्या हातात दिली आणि पहिल्यापासून सांगितलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याला खरंच कळलं होतं. मग काय, बुधवारी अर्धा वर्ग उभा. पट्ट्या दुमडल्या जात होत्या, फाटत होत्या, पाव कोणता नि अर्धा कोणता यावरून हमरीतुमरी चालली होती. खिडकीपाशी बसणारी मनी मात्र उठली नाही. ती इतकं हळू बोलायची, की पोरांनी तिचं नाव मनीमाऊ पाडलं होतं.

गोंगाट ऐकून मुख्याध्यापिका आल्या. शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी नव्या बाईंना व्हरांड्यात बोलावलं.

"काय चाललंय हे? शनिवारी साहेब तपासणीला येतायत. आपली शाळा चालू ठेवायची की दुसऱ्या शाळेत मिसळून टाकायची, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार आहे. पोरं उभी राहून 'नाही समजलं' म्हणाली, तर शेरा कसा येईल?"

"खरा येईल," नव्या बाई म्हणाल्या.

"तुमचं वय आहे असं बोलायचं. मी एका खोलीपासून उभी केलीय ही शाळा. शनिवारी सगळी पोरं 'समजलं' म्हणतील. नाहीतर तुम्ही दुसरीकडे नोकरी बघा."

 तरी नव्या बाईंनी वर्गात परत जाऊन विचारलं, "हं, कोणाला नाही समजलं?"

शनिवारी साहेब आले ते घाईतच. त्यांनी फळ्यावर अर्धा अधिक पाव लिहिलं, भराभर आकडे मांडले, खाली उत्तर लिहिलं. "छेद समान केला की झालं. समजलं?"

मोठ्या बाई दारात उभ्या राहून एकेकाला डोळ्यांनीच दटावत होत्या. कोणी उठेना. तो आगाऊसुद्धा मान खाली घालून बसला होता.

खिडकीपाशी बाक करकरलं.

"नाही समजलं," मनी म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "दोनाचे चार कुठून आले?"

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इतक्या जणांना समजतं, तुलाच बरं समजत नाही? बस खाली."

 मनीचे डोळे भरून आले होते. पण ती बसली नाही.

"बस म्हणतोय ना!"

तिनं बाकाची कड घट्ट धरली आणि तशीच उभी राहिली. दारातल्या मोठ्या बाई दटावायचं विसरून तिच्याकडे बघत राहिल्या.

साहेब संतापून वळले. "मोठ्यांना उलट बोलायला कोणी शिकवलं हिला?"

नव्या बाई पुढे सरसावल्या. त्या तोंड उघडणार, एवढ्यात मोठ्या बाई दारातून तरातरा आत आल्या. फळ्याखालचा खडू त्यांनी उचलला आणि साहेबांपुढे धरला.

"मी शिकवलं," त्या म्हणाल्या. "आणि पोर अजून उभी आहे, साहेब. पुन्हा सांगा."