सव्वीसच्या खाली

बलभीमनं आईच्या चरवीत दुधातलं पाणी मोजायची काचेची डिग्री सोडली. ती बुडतच गेली. बावीसवर थांबली. सव्वीसच्या खालचं दूध घ्यायचं नाही, हे दूध सोसायटीच्या पाटीवर नवा सेक्रेटरी झाल्यावर त्यानंच खडूनं लिहिलं होतं.

दारात बायका भांडी घेऊन उभ्या होत्या, पण कुणी पुढं सरकत नव्हतं. आधीच्या सेक्रेटरीनं चेअरमनच्या घरचं पाणीदार दूध घेतलं होतं आणि गरिबाचं घट्ट दूध परत लावलं होतं. ते कुणी विसरलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळासारखंच हेही साल कोरडं. चूल पेटत होती ती दुधावरच. तरी बायका हॉटेलवाल्याला निम्म्या भावात दूध घालत, सोसायटीला नाही. आज चाळीस लिटर जमलं नाही, तर उद्यापासून उमरग्याची दुधाची गाडी इकडं वळणार नव्हती.

"आये, हे दूध न्हाय घेता येत," बलभीम खालमानेनं म्हणाला.

"आरं, घरचंच हाय की," धुरपदाबाई म्हणाली.

"घरचं असू दे. पाणी हाय ह्यात."

त्यानं चरवी मागं सरकवली. त्याचे कान लाल झाले होते.

दारातल्या बायकांतली हरणाबाई पदराआड हसली. "धुरपदाबाई, प्यायला थेंब न्हाय, अन् दुधात घालायला बरं गावलं वो तुमाला!"

धुरपदाबाई चरवी उचलून चालू लागली. ती वळणाआड जाईपर्यंत सगळ्या बघत राहिल्या. मग हरणाबाईनं आपली किटली पुढं ठेवली.

"लाव बाबा माझ्याला डिग्री."

तिच्यामागं बाकीच्या आल्या. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा चाळीस लिटरचा एक कॅन भरून दुसरा निम्मा झाला होता.

बलभीम घरी आला तो उंबऱ्यातच बसला. धुरपदाबाईनं परत आलेल्या दुधाचा चहा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं कपाला हात लावला नाही.

"आये, सगळ्या गावासमोर... जन्मात कधी पाणी घातलं न्हाईस. आजच का गं?"

"म्या घातलं म्हणून तर तुला परत लावता आलं," ती म्हणाली. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. "घोर एकच हुता बग. आईचं म्हणून घेतोस का काय."