मानसिंगचा एक इंच

“हे बी खोटं दाखवतंय,” म्हणत हंबीररावांनी तिसरं मायक्रोमीटरही बाजूला सारलं.

सांगलीच्या पेठेतल्या त्या यंत्रकामाच्या हत्यारांच्या दुकानात पंख्याखाली बसूनही त्यांना घाम फुटला होता. लष्कराच्या वर्कशॉपात उमेदीची वर्षं घालवलेले हे हवालदार पेन्शनीत आल्यावर गोठ्याशेजारी लोखंड कातायचं लेथ टाकून बसले होते, निव्वळ हौसेपायी. आवाजानं म्हैस पान्हा चोरायची, आणि एवढं करून तयार व्हायची ती कुणाच्या तरी सायकलीची पिन. लोक हसत. पण केसाचीही जाडी मोजणारं मायक्रोमीटर घ्यायचं तर जातिवंतच, यावर हंबीरराव ठाम होते. दोन्ही तोंडं फडक्यानं पुसायची, मिटून शून्य बघायचं, उजेडाला धरून फट शोधायची. या परीक्षेत तिन्ही पास झाली होती.

अडत होतं ते मानसिंगच्या तुकड्यावर. त्यांच्या एकुलत्या एका मुलानं शेवटच्या रजेत त्याच लेथवर तो पोलादी गोल तुकडा कातला होता. बरोबर एक इंच. हंबीररावांनी आपल्या जुन्या मायक्रोमीटरवर स्वतः मोजला, नुसतं ‘हूं’ केलं आणि परत दिला. शाबासकी पुढच्या रजेला देऊ म्हणाले. पोरगा एकाहत्तरच्या लढाईत गेला. ते मायक्रोमीटरही पुढे हातातून पडून बाद झालं.

दुकानदार दादासो आतून मापाचा ठोकळा घेऊन आले. तपासून आलेला, नेमका एक इंचाचा. तिन्ही मायक्रोमीटरांनी तो बिनचूक दाखवला. मानसिंगचा तुकडा मात्र तिन्हींवर केसभर कमीच भरला.

माझ्या पोराचा हात कधी चुकला नाही, हे गावाला सांगतच हंबीरराव आजवर जगले होते. तेव्हा आपणच मायेपोटी डोळेझाक केली की काय?

बाकावर बसलेल्या अंबूबाई, त्यांच्या बायको, उठून जवळ आल्या. तो तुकडा त्या कुणाबरोबरही एकटा पाठवत नसत, म्हणून त्याही आल्या होत्या.

“आवं, माझ्याकडनं काय कमी पडलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “देव्हाऱ्यात ठेवलाय. देवांसंगं रोज राखंनं घासतीया. गंज म्हणून चढू दिला न्हाई.”

दादासोंनी मान खाली घातली. हंबीरराव बायकोच्या हातांकडे बघत राहिले. सहा वर्षं, रोज सकाळी. पोराचा हात चुकला नव्हता.

अंबूबाईंनी तुकडा पदराच्या टोकाला बांधला. उद्या सकाळी त्या तो पुन्हा घासणार होत्या.

“कमी का वं भरतोय ह्यो?” त्यांनी हळूच विचारलं.

“त्यो बरोबर हाय,” हंबीरराव म्हणाले. “सांगलीत चांगलं मायक्रोमीटरच न्हाई. चल.”